दादांच्या इंजिनाचा गिअर

या, असे पुढे सरका. एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून ऐकलेली गोष्ट अर्धीच कानात जाते, उरलेली चपलेत शिरते. तो पंखा जरा हळू करा, म्हणजे मागच्या आजोबांनाही ऐकू येईल. आजची गोष्ट एका घड्याळजींची, त्यांच्या वहिनींची आणि अडून बसलेल्या एका गिअरची आहे. हसू आलं तर मोकळेपणाने हसा, देवाला हसणारी माणसं आवडतात. आणि मध्येच डोळे ओले झाले, तर पंख्याचा वारा लागला म्हणा आणि ऐकत राहा.

तर गुरुवारी दुपारी घड्याळजी आपल्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, शेडमध्ये उभे होते. त्यांच्या हातात एक दांडी होती आणि ती दांडी हलत नव्हती.

समोर लाकडी घोड्यावर दादांचं जुनं इंजिन अडकवलेलं होतं. होडीच्या शेपटाला लावतात ना, तसलं. वर झाकणाखाली डोकं, मध्ये लांब मान आणि तळाशी पाण्यात फिरणारा तीन पात्यांचा पंखा. डोक्याच्या बाजूला ही गिअरची दांडी. पुढे ढकलली की होडी पुढे, मागे ओढली की मागे, मध्ये ठेवली की जागच्या जागी. निदान दादा असताना तरी असंच होतं. आता मात्र दांडी मधल्या जागेवरून एक बोटभर सरकायची आणि पुढे कशाला तरी अडून बसायची. पुढेही नाही, मागेही नाही.

"काय म्हणतंय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनींनी विचारलं.

"गिअर पडत नाही, वहिनी."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि खिडकीतून आत गेल्या.

ते 'बरं' ऐकून घड्याळजींनी दांडी आणखी जोरात दाबली. कारण बुधवारी संध्याकाळी वहिनींनी त्यांना बोलावून शांतपणे सांगितलं होतं, "भावजी, लेकीचा फोन होता. म्हणते, शेड रिकामी कर, तिथे एक खोली काढू, भाडेकरू ठेवू, तुला सोबत होईल. भंगारवाल्यालाही तिनेच सांगून ठेवलंय. रविवारी सकाळी दहाला येतोय. इंजिन चालत असेल तर मी ठेवीन. पण नुसतं धूड म्हणून नाही ठेवणार. रोज उठून बघवत नाही मला."

दादांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तीस वर्षं त्यांनी याच इंजिनावर माणसं नदीपार नेली होती. शाळेची पोरं, बाळंतिणी, दुधाच्या किटल्या, एकदा तर मांडीवर टाइपराइटर घेतलेला वकील. मग पूल झाला, फेऱ्या थांबल्या, आणि दादा गेल्यावर इंजिन शेडमध्ये येऊन बसलं. घड्याळजी तो सगळा काळ बाजारातल्या आपल्या चिंचोळ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेले. दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करता करता केस पांढरे झाले, पण दादांचं म्हणून काही दुरुस्त करायचा योग कधी आला नाही. दादा स्वतःच सगळं करायचे. होडीत बसले की ते धाकट्याला म्हणायचे, "तू वेळ बघ, मी पाणी बघतो." आणि घड्याळजी बिचारे तीस वर्षं वेळच बघत बसले.

आता हे इंजिन वितळून त्याची भांडी होणार की ते पाण्यावर जाणार, हे त्यांच्या हातात आलं होतं. हात काही साधा नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू या हाताने आयुष्यात कधी पाडला नव्हता.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि आत डोकावून जोरात ओरडले, "आहा! इथेच कुठेतरी आहे!"

वहिनी नेमक्या चहाचा कप घेऊन दारात आल्या होत्या. त्यांचे ओठ काहीतरी म्हणण्यासाठी उघडले होते. घड्याळजींच्या ओरडण्याने ते मिटले. त्यांनी कप बाकावर ठेवला, दिराच्या वाकलेल्या पाठीकडे क्षणभर बघितलं आणि परत गेल्या.

पहिल्या दिवशी तेल झालं. घड्याळजींनी सुईच्या टोकाने तेल सोडलं, घड्याळाला सोडतात तसं, एका सांध्याला एक थेंब. इंजिनाने ते थेंब कुठे गिळले ते कळलंसुद्धा नाही. मग वाटीभर तेल ओतलं. ते मात्र कळलं, कारण ते सगळं खालून घड्याळजींच्या चपलेत आलं. दांडी होती तिथेच.

रात्री जेवताना त्यांची बायको म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या घड्याळात एक थेंब पाणी शिरलं तर तुम्ही तीन दिवस घास गिळत नाही. आणि आता स्वतःच पाण्यात शिरायला निघालात!"

"दादांचं इंजिन आहे," घड्याळजी म्हणाले.

बायकोने तेलकट चपला उचलून दाराबाहेर ठेवल्या.

शुक्रवारी मिस्त्री आला. मिस्त्री म्हणजे गावातल्या सगळ्या पाण्याच्या पंपांचा डॉक्टर. आडव्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा, आणि लहानपणी दादांच्याच होडीतून शाळेत गेलेला. त्यामुळे वहिनींना तो काकू म्हणायचा आणि इंजिनाकडे बघायचा ते जुन्या शिक्षकांकडे बघावं तसं. त्याने आल्या आल्या कार्बोरेटर काढून धुतला, ताजं पेट्रोल भरलं आणि चालू करायची दोरी हाताला गुंडाळली.

"थांब!" घड्याळजी किंचाळले. "काय करतोयस?"

"चालू करून बघतो की, काका. पिंप भरून घेऊ, पंखा पाण्यात सोडू आणि मारू एक हिसका."

"चालू? बिघडलेलं यंत्र चालू करणार? अरे, घड्याळ उघडायच्या आधी आम्ही काय करतो? थांबवतो. चालू यंत्राला हात लावायचा नाही, हा पहिला धडा. आधी गिअर, मग इंजिन."

"काका, घड्याळ वेगळं, इंजिन वेगळं."

"दात इथेही आहेत आणि तिथेही आहेत. चाळीस वर्षं माझी दातांतच गेली आहेत."

"दातांच्या डॉक्टरसारखं बोलू नका हो. एकदा दोरी ओढून तर बघू!"

"नाही म्हणजे नाही!"

स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली. खिडकीत वहिनींचा चेहरा दिसला, पदर तोंडाला लावलेला. त्या खोकल्या असाव्यात असं घड्याळजींना वाटलं.

वयाचा मान राखून मिस्त्रीने दोरी सोडली. इंजिन बंद ठेवायचं म्हटल्यावर एकच वाट उरली होती: खालचा गिअरचा डबा उतरवायचा. डब्यात जुनं, काळंकुट्ट तेल होतं. डबा कसा झटक्यात खाली येतो हे मिस्त्रीला माहीत होतं, पण तेल त्याहून झटक्यात येतं हे तो विसरला. नवा पांढरा शर्ट त्याने का घातला होता ते त्यालाच ठाऊक.

"चांगलं आहे," स्वतःच्या छातीकडे बघत तो म्हणाला. "बायकोला आवडत नव्हताच."

आता डब्यातला एकेक भाग बाहेर निघाला. घड्याळजींची दुकानातली शिस्त मोठी कडक. सुटा केलेला प्रत्येक भाग धूळ बसू नये म्हणून काचेच्या छोट्या झाकणाखाली ठेवायचा, आणि तोही ओळीने. इथे तेवढी झाकणं कुठली? त्यांनी वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या आणल्या आणि वऱ्हांड्यात ओळीने पालथ्या घातल्या. एका वाटीखाली स्प्रिंग, एकीखाली खिळा, एकीखाली दातांची चकती. वाट्या संपल्या तेव्हा पेले आले. पेले संपले तेव्हा चहाचे कप आले.

दुपारी वहिनी वाढायला बसल्या. त्यांनी एक वाटी उचलली, खाली दात विचकून चकती. दुसरी उचलली, खाली तेलात माखलेली स्प्रिंग. तिसरीला हात लावताच घड्याळजी धावत आले. "वहिनी, क्रम! क्रम चुकेल!"

"अहो, मग आमटी कशात वाढू?"

शेवटी तिघांनी ताटातच भाताचं आळं करून आमटी वाढून घेतली आणि ती कडेने पळू नये म्हणून भराभर जेवले. मिस्त्रीची आमटी पळालीच. काळ्या डागाशेजारी त्याच्या शर्टावर पिवळा डाग आला. वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि पाणी प्यायला पेला शोधायला गेल्या, तर त्याखाली खिळा.

जेवून दोघांनी सगळे भाग पुन्हा तपासले आणि खरं कोडं तिथे पडलं. बिघाड काही सापडेना. दात शाबूत होते. चकती हातात धरून गिअरला लावली की दातात दात अलगद बसत होता.

"सुटे असताना गोडीगुलाबीने वागतात," मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "आणि जोडले की एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आमच्या चुलत्यांच्या घरातल्यासारखं."

घड्याळजी भिंग लावून वरच्या बाजूची एक तिकोनी पट्टी बघत होते. गिअरची दांडी या पट्टीला हलवायची आणि पट्टी खाली जाणाऱ्या लांब सळईला. पट्टीला दोन बाजूंना दोन भोकं होती. सळई ज्या भोकात अडकवलेली होती ते झिजून लांबट झालं होतं. समोरच्या बाजूचं भोक मात्र कोरं, गोल, जणू काल पाडलेलं.

"सापडलं!" घड्याळजी ताडकन उठले. "हे बघ! झिजलेलं भोक! खिळा आत खेळतो, म्हणून जोर खाली पोचत नाही. दादांनी तीस वर्षं चुकीच्या भोकात सळई अडकवलेली. नवं भोक समोरच आणि त्याला हातसुद्धा लावलेला नाही!"

"दादा चुकतील?" मिस्त्रीला शंका आली.

"माणूसच होते तेही," घड्याळजी म्हणाले. आणि थोरल्या भावाची चूक सापडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर लपता लपेना. लहानपणी भोवऱ्याला दोरी उलटी गुंडाळली म्हणून दादा त्यांना चारचौघांत हसले होते. साठ वर्षांनी फिटंफाट झाली होती. देव त्यांना क्षमा करो, आणि केलीच असणार.

शनिवार अख्खा जोडाजोडीत गेला. एकेक वाटी उचलायची, भाग काढायचा, पुसायचा, बसवायचा. सळई कोऱ्या भोकात गेली. शेवटची वाटी उचलली गेली तेव्हा हातात एकही स्क्रू उरला नव्हता आणि वऱ्हांड्यात एकही भाग. मिस्त्रीच्या आयुष्यात असं प्रथमच घडत होतं. त्याने घड्याळजींना नमस्कार केला.

घड्याळजींनी हात पुसले. मनात देवाचं नाव घेतलं, मग दादांचं घेतलं आणि दांडी पुढे ढकलली.

बोटभर सरकली आणि अडली.

मागे ओढली. बोटभर सरकली आणि अडली.

मिस्त्री हळूच म्हणाला, "काका, एकदा दोरी..."

"नाही!" या खेपेला मात्र आवाजात जोर नव्हता. घड्याळजी घोड्याशेजारच्या उलट्या बादलीवर बसले. त्यांनी भिंग काढून खिशात ठेवलं. "राहू दे रे. माझ्याच्याने नाही होत. उद्या तो येईल, वजन करेल आणि घेऊन जाईल."

मिस्त्रीही खाली फरशीवर बसला. शर्ट आता मळायचा राहिलाच नव्हता.

"काका," जरा वेळाने तो म्हणाला, "तुम्हाला आठवतं का, दादा होडीत गोष्ट सांगायचे? या काठावर सुरू करायचे आणि अशी मोजून सांगायचे, की तिकडे राजा घोड्यावरून उतरला की इकडे आपण होडीतून. नदीला पाणी जास्त असलं की गोष्टीत एखादा राक्षस वाढायचा."

"वाऱ्याच्या दिवशी दोन," घड्याळजी म्हणाले.

"एकदा नदीत मध्येच कोणाची तरी पिशवी पडली. ती काढण्यात वेळ गेला आणि गोष्ट अर्धी राहिली. उरलेली परतीला, म्हणाले. परत निघालो तर होडीत पाहुणे, त्यांच्यासाठी वेगळीच गोष्ट. मी शाळा बुडवून चार फेऱ्या मारल्या शेवट ऐकायला."

"मग? कळला शेवट?"

"नाही ना! पाचव्या फेरीला वडील होडीत बसले होते. माझाच शेवट झाला."

घड्याळजी हसले. होडी वळवायला धरतात त्या इंजिनाच्या मुठीवर दादांच्या तळव्याने गुळगुळीत केलेली जागा होती, तिच्यावर त्यांनी हात ठेवला. या घरात आवाज होता तो दादांचा. वहिनी मोजकं बोलायच्या, धाकटा भाऊ त्याहून मोजकं. आता बोलणारा गेला होता आणि त्याचं इंजिनही मुकं झालं होतं.

रविवारी दहाच्या ठोक्याला भंगारवाला हातगाडी घेऊन हजर. वक्तशीर माणूस. एरवी घड्याळजींना वक्तशीर माणसाबद्दल फार आदर, पण आज त्याचं तोंड बघवेना. त्याने इंजिनावर टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, माल चांगला आहे."

तीन दिवसांत इंजिनाला चांगलं म्हणणारा तो पहिलाच माणूस होता.

त्याने वजनाचा काटा काढला, साखळी काढली, इंजिनाच्या मानेला हात घातला. घड्याळजी तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात वहिनी ओले हात पदराला पुसत शेडमध्ये आल्या. दीड वर्षात त्या पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या होत्या.

"जरा बाजूला व्हा हो," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या. "भावजी, दांडी धरा बरं."

"काही उपयोग नाही, वहिनी."

"धरा तर खरं. पुढे ढकलून धरा. सोडू नका."

घड्याळजींनी दांडी ढकलून धरली. वहिनी खाली वाकल्या. पंख्याचं एक पातं दोन बोटांत धरून त्यांनी जरासं फिरवलं. चावी फिरवावी तेवढंच.

खट्.

दांडी सरळ पुढे जाऊन बसली.

मिस्त्रीचं तोंड उघडं राहिलं. घड्याळजी दांडीकडे, वहिनींकडे, पुन्हा दांडीकडे बघत राहिले.

"बंद इंजिनाला गिअर असाच पडत नाही," वहिनी म्हणाल्या. "दातासमोर दात येऊन अडतो. पंखा थोडा फिरवावा लागतो, की मग दात खाचेत बसतो. नाहीतर इंजिन चालू असावं लागतं. चालू असलं की आपलं आपण बसतं."

"म्हणजे बिघडलेलं..." घड्याळजी पुटपुटले.

"काहीच नव्हतं."

"मी शुक्रवारपासून हेच सांगतोय!" मिस्त्री गरजला. "दोरी ओढू, दोरी ओढू! माझा शर्ट गेला हो, काकू!"

भंगारवाल्याने शांतपणे विचारलं, "मग वजन करायचं नाही?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "पण गाडी आणलीच आहे तर एवढं घाटापर्यंत नेऊन द्या. तुमची फेरी फुकट जायला नको, चहाही घ्या."

आणि दादांचं इंजिन भंगाराच्या गाडीत बसून निघालं, नदीवर जायला. पुढे वहिनी, मागे गाडी ढकलणारे तिघं. घाटावर दादांची होडी बांधलेलीच होती. शेजारपाजारचे वल्ही मारून तिच्यातून गवत आणायचे, त्यामुळे ती धडधाकट होती. नाक घाटाकडे आणि शेपूट नदीकडे करून ती उभी होती. भंगारवाल्याने हातगाडी उताराने खाली आणून अगदी खालच्या पायरीला भिडवली, चौघांनी मिळून इंजिन शेपटाला अडकवलं.

"चालवणार कोण?" मिस्त्रीने विचारलं.

वहिनी आधीच मूठ धरून बसल्या होत्या.

"पूल झाल्यावर रोज संध्याकाळी मलाच चालवायला लावायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, तीस वर्षं मी लोकांना नेलं, आता तू मला ने."

घड्याळजी मध्ये बसले, होडीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून. मिस्त्री नाकावर उभा राहिला आणि त्याने खुंटीची दोरी सोडली. वहिनींनी हिसका दिला. एक, दोन. तिसऱ्याला इंजिन ठसकलं, धूर ओकलं आणि फट्‌फट्‌ सुरू झालं. पायऱ्यांवर कपडे धुणाऱ्या बाया थांबून बघू लागल्या. घाटावरून मागे निघायचं म्हणून वहिनींनी दांडी मागे ओढली. खट्. पहिल्या फटक्यात.

"पडला!" घड्याळजी आनंदाने ओरडले.

पडला तो मिस्त्री. कारण होडी मागे गेलीच नाही. ती सरळ पुढे उसळली, तिने नाक वर करून खालच्या पायरीला धडक दिली, आणि नाकावर दोरी धरून उभा असलेला मिस्त्री हवेतून जाऊन थेट हातगाडीत आदळला. गाडी दोन हात मागे सरकली आणि थांबली. आत मिस्त्री उताणा, पाय वर, हातात दोरी तशीच.

भंगारवाल्याने वाकून त्याच्याकडे बघितलं.

"मावशी," त्याने हाक दिली, "याचं वजन करू का?"

"लागलं का रे?" वहिनी ओरडल्या.

"शर्टाला काही झालं नाही!" गाडीतून आवाज आला.

घाबरून वहिनींनी दांडी पुढे ढकलली. पुढे ढकलल्याबरोबर होडी मागे निघाली, आणि अशी छान निघाली की घाट, गाडी, भंगारवाला आणि गाडीतले दोन पाय लहान लहान होत गेले. मध्यावर आल्यावर वहिनींनी इंजिन मंद करून दांडी मधल्या जागी आणली. होडी पाण्यावर डुलत राहिली.

घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाण्याने नव्हे, हिशेब लागल्याने. पट्टीला दोन भोकं. मध्ये खिळा, पट्टी त्याच्यावर झुलणारी. एका बाजूचं भोक वर जातं तेव्हा दुसऱ्या बाजूचं खाली येतं. त्यांनी सळई उचलून नेमकी पलीकडे अडकवली होती. दादांनी कोऱ्या भोकाला तीस वर्षं हात लावला नव्हता, कारण तिथे लावायचाच नव्हता.

"वहिनी," ते कसेबसे म्हणाले, "दादा बरोबर होते."

"ते नेहमीच बरोबर असायचे. फार त्रास व्हायचा त्याचा," वहिनी म्हणाल्या. आणि दोघंही हसले.

पाणी होडीच्या पोटावर चुळुक चुळुक वाजत होतं. जरा वेळाने घड्याळजींनी विचारलं, "तुम्ही गुरुवारीच का नाही सांगितलंत?"

वहिनी पाण्याकडे बघत राहिल्या. "सांगणारच होते. चहा घेऊन आले तेव्हा अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, इथेच कुठेतरी आहे म्हणून. अगदी यांच्यासारखं. तोच सूर. म्हटलं, अजून एकदा ओरडू दे. मग दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, तुम्ही दोघं भांडायला लागलात, ताटात आमटी पळाली... त्या शेडमधून दीड वर्षात आवाज नव्हता हो, भावजी. भंगारवाल्याला मी नेऊ देणार होते का? पण रविवारपर्यंत तीन दिवस होते, ते मला हवे होते." मग त्या दिराकडे वळल्या. "तुमचा जीव टांगणीला लागला, ते मात्र चुकलंच माझं."

चाळीस वर्षं लोकांची वेळ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे कोणी असा वेळ मागितला नव्हता.

"चला," घड्याळजी म्हणाले, "काठाला घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. सळई दादांच्या भोकात परत टाकतो."

"कशाला?" वहिनी म्हणाल्या. "सरळ केलंत तर उद्या गावातला प्रत्येक जण मागायला येईल, जरा देता का म्हणून. ही आता माझी मलाच चालवता येईल. दुसरा कोणी बसला तर मिस्त्रीसारखा गाडीत जाईल."

आणि त्यांनी दांडी मागे ओढली. होडी पुढे निघाली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा घड्याळजी आणि नव्या शर्टातला मिस्त्री वऱ्हांड्यात चहा पीत बसले होते. वाट्या, पेले, कप सगळे घासून आपापल्या जागी गेले होते.

"आई, भंगारवाला आला होता का गं?"

"आला होता की. बरोबर दहाला."

"मग? इंजिन?"

"त्याच्या गाडीवर घातलं आणि गेलं."

"आणि शेड?"

"रिकामी झाली," वहिनी म्हणाल्या. "खोलीचं बघू सावकाश. भाडेकरूची मात्र घाई करू नकोस. सोबतीचं म्हणशील तर इथे दोघं बसलेत, उठायचं नाव नाही."

मिस्त्रीने चहाचा घोट घेता घेता ठसका खाल्ला. घड्याळजी उठले, त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागले, आणि आज इंजिन किती वेळा ठसकलं यावरून दोघांचं पुन्हा जुंपलं. वहिनी फोन कानाला तसाच धरून ऐकत राहिल्या. पलीकडून लेक विचारत होती, "आई, तिकडे कोण ओरडतंय?"

इथे गोष्ट थांबते, मंडळी. आता उठून घरी जाल, जाताना पूल लागेल. पुलावर दोन मिनिटं थांबा. खाली फट्‌फट्‌ ऐकू आलं, तर त्या बाईंना हात करा. आणि पूल नव्हता तेव्हा सगळ्या गावाला बोलता बोलता पलीकडे पोचवणाऱ्या दादांची, घराचं दार उघडायच्या आधी, एकदा मनापासून आठवण काढा.